काळी माती, जांभा आणि पाण्यातली प्रतिजैविकं: अधिशोषणाचा प्रयोग असा करा

हैदराबादजवळ पटनचेरू इथे औषध कारखान्यांचं सांडपाणी एका सामायिक प्रक्रिया केंद्रात येतं. त्या केंद्रातून ‘प्रक्रिया करून’ बाहेर सोडलेल्या पाण्यात दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (जंतूंना मारणारं औषध) सापडलं, असं स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातसुद्धा हे औषध एवढं नसतं. पाण्यात, गाळात राहणारे जंतू अशा औषधात दिवसरात्र वाढले की त्यांच्यातले औषधाला दाद न देणारेच तेवढे उरतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख माणसं गेली, असा अंदाज आहे. म्हणून औषध नदीत पोचण्याआधी धरून ठेवण्याचे स्वस्त उपाय शोधणं हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी मोलाचं काम आहे.

आपल्याकडे त्यासाठी लागणारं सामान पायाखाली आहे. दख्खनच्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या चिकणमातीच्या खनिजाच्या कुळातली खनिजं भरपूर आहेत, कोकणात आणि गोव्यात जांभा आहे, बेसाल्टच्या खाणींत झिओलाइट हे सच्छिद्र खनिज आहे. एमएस्सीच्या प्रकल्पांत हे विषय दरवर्षी येतात. पण बहुतेक अहवाल ‘९५ टक्के औषध निघालं’ या वाक्यावर थांबतात आणि त्या आकड्यावरून पुढे काहीच ठरवता येत नाही. औषध कोणतं, पाण्याचा पीएच किती आणि त्या पीएचला औषधावर विद्युतभार कोणता, हे न सांगता दिलेली टक्केवारी मला अर्धवट वाटते. पुढची सगळी कृती याच आग्रहातून लिहिली आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शेकर, सेंट्रिफ्यूज, पीएच मीटर आणि अतिनील-दृश्य स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) असेल तर ती करता येते.

आधी औषधाचा भार बघा

अधिशोषण म्हणजे द्रावणातला पदार्थ घन पदार्थाच्या पृष्ठभागावर धरला जाणं. माँटमोरिलोनाइटच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो आणि तो कायमचा असतो, कारण स्फटिकातल्या काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. पीएच बदलला तरी तो भार जात नाही. म्हणजे धनभार असलेलं औषध तिकडे ओढलं जाईल आणि ऋणभाराचं दूर राहील. हे लक्षात ठेवून तीन औषधं पाहू.

पीकेए म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंचा भार बदललेला असतो तो आकडा. सिप्रोफ्लॉक्सासिनचे दोन पीकेए आहेत, साधारण ६.१ आणि ८.७. पीएच ६ च्या खाली त्याच्यावर धनभार असतो, मधल्या पट्ट्यात एकाच रेणूवर धन आणि ऋण दोन्ही, आणि ८.७ च्या वर ऋण. पीएच ५ ला त्याचे नव्वद टक्क्यांहून जास्त रेणू धनभारित असतात. काळ्या मातीसाठी याहून सोयीचं औषध नाही.

टेट्रासायक्लिनचे पीकेए ३.३, ७.७ आणि ९.७. पिण्याच्या पाण्याच्या पीएचला त्याच्यावर एकूण भार शून्याच्या आसपास असला तरी रेणूच्या एका टोकाला धनभार असतोच, शिवाय लोह, ॲल्युमिनियम, कॅल्शियम यांना घट्ट पकडणारे ऑक्सिजनचे गट असतात. त्यामुळे ते मातीलाही चिकटतं आणि जांभ्यालाही.

सल्फामेथॉक्साझोलचं मात्र वेगळं. त्याचा महत्त्वाचा पीकेए ५.७ च्या आसपास आहे, म्हणून पीएच ७ ला त्याचे सुमारे ९५ टक्के रेणू ऋणभारित असतात. साधी माती त्याला फारसं धरत नाही. तुमच्या प्रयोगात हे औषध ‘नकारात्मक’ निकाल म्हणून जरूर ठेवा. माती सगळी प्रतिजैविकं सारखीच काढते असा समज त्याने लगेच दूर होतो.

अमॉक्सिसिलिन पहिल्या प्रयोगाला घेऊ नका. त्याच्या रेणूतलं बीटा-लॅक्टम नावाचं अणूंचं कडं पाण्यात आपोआप फुटतं, आणि मातीने किती धरलं नि किती नुसतंच विघटित झालं हे साध्या उपकरणावर वेगळं करता येत नाही.

मग खनिज निवडा

माँटमोरिलोनाइटची रचना भाकरीच्या चळतीसारखी असते: पातळ थर एकावर एक, आणि मधल्या फटीत पाणी व सोडियम-कॅल्शियमचे आयन. औषधाचा धनभारित रेणू या आयनांना बाजूला सारून फटीत शिरतो. सगळे थर मोजले तर एका ग्रॅमचा पृष्ठभाग साडेसातशे चौरस मीटरच्या घरात जातो. आयन अदलाबदलीची क्षमता दर १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (म्हणजे एकेरी भाराच्या आयनांचे तेवढेच मिलिमोल) असते. चिनी मातीतल्या केओलिनाइटची हीच क्षमता ३ ते १५ असते, म्हणून तुलनेसाठी ते उत्तम आहे.

माती स्वतः तयार करायची नसेल तर बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः माँटमोरिलोनाइट असलेली माती, विकत मिळतं. ते मुख्यतः कच्छ आणि बाडमेरकडून येतं, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात, पायलिंगमध्ये, फौंड्रीच्या साच्यांत वापरतात. अर्थिंगसाठी विकल्या जाणाऱ्या मिश्रणात मीठ किंवा कार्बनची भुकटी मिसळलेली असू शकते, तेव्हा शुद्ध बेंटोनाइट मागून घ्या. मुलतानी माती चालते, पण सौंदर्यप्रसाधनाच्या पाकिटातली नको.

जांभ्यात गोएथाइट, हेमाटाइट, गिब्साइट ही लोह-ॲल्युमिनियमची खनिजं असतात. इथे आयन अदलाबदल फारशी नसते. औषधाचा कार्बॉक्सिल किंवा कीटो गट पृष्ठभागावरच्या लोहाला रासायनिक बंधाने जोडला जातो. हे बंधन तुलनेने मजबूत असतं आणि पाण्यातल्या मिठाने सहजी सुटत नाही. शिवाय जांभ्याचे दाणे पाण्यात फुगत नाहीत, त्याचा फायदा पुढे दिसेल.

झिओलाइटबद्दल स्पष्ट सांगतो. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खाणींतून निघणारे स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट देखणे आहेत आणि अमोनियम धरायला या कुळातली खनिजं चांगलीच आहेत. पण ह्यूलँडाइटच्या सर्वांत रुंद वाटेचं माप साधारण ०.३ गुणिले ०.७५ नॅनोमीटर, आणि टेट्रासायक्लिनचा रेणू एक नॅनोमीटरहून लांब. तो आत जात नाही, फक्त दाण्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर बसतो. ‘सच्छिद्र आहे म्हणजे शोषणारच’ हा तर्क इथे चालत नाही.

काळ्या मातीतून चिकणमाती वेगळी करणं

माती घ्यायची ती बांधावरची, वरचा थर काढून साधारण एक फूट खालची. ज्या शेतात कोंबडीखत पडलं आहे तिथली नको. कुक्कुटपालनात टेट्रासायक्लिन वापरतात, आणि तुमच्या मातीत ते आधीच असायचं.

माती वाळवून, कुटून २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. आता तिच्यातली चुनखडी घालवायची. पीएच ५ चं सोडियम ॲसिटेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून बुडबुडे थांबेपर्यंत कोमट ठेवा, मग धुवा. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं तर काम लवकर होतं, पण खनिजाच्या थरांमधलं मॅग्नेशियम-लोहही सुटायला लागतं. सेंद्रिय भाग काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड थोडं थोडं घाला. फेस उतू जातो, भांडं मोठं घ्या.

यानंतर माती पाण्यात पूर्ण विखुरली पाहिजे. मृदाशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यासाठी सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट वापरतात. इथे ते टाळा, कारण फॉस्फेट खनिजाच्या कडांवरच्या त्याच जागा अडवतं ज्या औषधाला हव्या असतात. थोडंसं सोडियम कार्बोनेट आणि भरपूर ढवळणं पुरतं. मग उंच सिलिंडरमध्ये स्थिर ठेवा. २० अंश सेल्सिअसला ८ तासांनी वरच्या १० सेंटिमीटरमध्ये फक्त २ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण उरतात. खोली ३० अंशांवर असेल तर साडेसहा तासांच्या आतच ही वेळ येते, कारण गरम पाणी पातळ असतं. तेवढाच वरचा भाग नळीने ओढून घ्या.

मिळालेल्या चिकणमातीला एक मोलर सोडियम क्लोराइडने तीनदा धुवा, म्हणजे सगळ्या जागांवर सोडियम बसेल आणि सुरुवात कुठून झाली ते निश्चित होईल. नंतर डिस्टिल्ड पाण्याने धुवत राहा. धुवणाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरटपणा येईनासा झाला की थांबा. ६० अंशांवर वाळवा, खलात बारीक करा, हवाबंद ठेवा.

तयार माती चांगली आहे का, हे मिथिलीन ब्लू या धनभारित निळ्या रंगाने तपासता येतं. कोल्हापूरच्या फौंड्रीत साच्याच्या वाळूतलं सक्रिय बेंटोनाइट मोजायला हीच चाचणी वापरतात. मातीच्या पाण्यात मिथिलीन ब्लू थोडं थोडं घालत प्रत्येक वेळी एक थेंब गाळण कागदावर टाकायचा. गडद ठिपक्याभोवती फिकट निळं वलय दिसलं आणि टिकलं की माती भरली. लागलेल्या रंगावरून क्षमता काढता येते. हा आकडा पुढे उपयोगी पडतो, म्हणून ही पायरी गाळू नका.

औषधाचं द्रावण

मेडिकल स्टोअरमधल्या गोळ्या कुटून वापरू नका. त्यांत स्टार्च, सेल्युलोज, मॅग्नेशियम स्टिअरेट, टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि त्यातलं प्रत्येक काही ना काही गोंधळ घालतं. शुद्धतेचं प्रमाणपत्र असलेली भुकटी रसायन विक्रेत्याकडून घ्या. वजन करताना मास्क आणि हातमोजे घाला, आणि प्रतिजैविकाची ॲलर्जी असलेल्या सहकाऱ्याला हे काम देऊ नका.

भुकटी बहुधा हायड्रोक्लोराइडच्या रूपात येते. दर लिटरला १०० मिलिग्रॅम टेट्रासायक्लिन हवं असेल तर हायड्रोक्लोराइड १०८.२ मिलिग्रॅम घ्यावं लागतं. सिप्रोफ्लॉक्सासिन हायड्रोक्लोराइड मोनोहायड्रेट असेल तर ११६.४ मिलिग्रॅम. हा फरक विसरला की सगळे आकडे त्याच प्रमाणात चुकतात. बाटली तपकिरी काचेची, वरून फॉइल, फ्रिजमध्ये, आणि द्रावण शक्य तो त्याच दिवशीचं. दोन्ही औषधं उजेडात खराब होतात.

द्रावणात ०.०१ मोलर सोडियम क्लोराइड ठेवा म्हणजे मिठाचं प्रमाण सगळ्या नळ्यांत सारखं राहील. फॉस्फेट आणि सायट्रेट बफर नकोत. पीएच पातळ आम्ल-अल्कलीने लावा आणि शेवटी पुन्हा मोजा, कारण माती तो बदलते. अहवालात शेवटचा पीएच लिहायचा.

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या बाबतीत एक सापळा आहे. पीएच ७ च्या आसपास ते पाण्यात सर्वांत कमी विरघळतं, लिटरला १०० मिलिग्रॅमच्याही आत. त्याहून जास्त घातलं तर जादा औषध साका होऊन तळाशी बसतं, सेंट्रिफ्यूजमध्ये मातीबरोबर निघून जातं आणि तुम्हाला वाटतं मातीने धरलं. तटस्थ पीएचला लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका.

नळ्या लावणं

पॉलिप्रॉपिलीनच्या ५० मिलिलिटरच्या नळीत २५ मिलिलिटर द्रावण आणि २५ मिलिग्रॅम माती, ही सुरुवात. माती इतकी घ्या की २० ते ८० टक्के औषध निघेल. ९९ टक्के निघालं तर उरलेलं इतकं थोडं असतं की मोजमापातली चूकच निकाल ठरवते. म्हणजे ज्या ‘९९ टक्क्यां’चा अभिमान वाटतो, तो आकडा शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत दुबळा असतो.

प्रत्येक नळीच्या तीन प्रती करा. त्याशिवाय तीन प्रकारच्या नियंत्रण नळ्या हव्यात. पहिल्या प्रकारात फक्त औषध, माती नाही. उजेडाने फुटलेलं, नळीला चिकटलेलं, साका झालेलं सगळं इथे उघड होतं. दुसऱ्यात फक्त माती आणि मिठाचं पाणी. मातीतून सुटणारं लोह आणि सेंद्रिय द्रव्य अतिनील प्रकाश शोषतं, ते वजा करावं लागतं. तिसऱ्यात माहीत असलेलं औषधाचं द्रावण फक्त गाळणीतून काढायचं. नायलॉनची सिरिंज गाळणी काही औषधं स्वतःच धरते. शक्य असेल तर गाळूच नका, सेंट्रिफ्यूज जास्त वेळ चालवा.

नळ्यांना फॉइल गुंडाळून २५ अंशांवर शेकरमध्ये ठेवा. आधी वेळेचा प्रयोग: ५, १५, ३०, ६० मिनिटं, मग २, ४, ८, २४ तास. प्रत्येक वेळेला वेगळी नळी. एकाच नळीतून पुन्हा पुन्हा नमुना काढला की माती आणि पाण्याचं प्रमाण बदलत जातं. आकडा जिथे स्थिरावतो तो समतोलाचा वेळ. बहुधा पहिल्या तासातच बरंच काम होतं, तरी समतोलासाठी २४ तास घेणं सुरक्षित.

मोजणं आणि हिशेब

वरचं पाणी आधी ६०० नॅनोमीटरला बघा. तिथे दोन्ही औषधं प्रकाश शोषत नाहीत, तेव्हा जे काही दिसेल ते तरंगणाऱ्या मातीचं. शून्य नसेल तर पुन्हा फिरवा. मग टेट्रासायक्लिन ३५७ नॅनोमीटरच्या आसपास आणि सिप्रोफ्लॉक्सासिन २७२ ते २७७ दरम्यान मोजा. शिखर पीएचनुसार सरकतं, म्हणून कॅलिब्रेशनची (माहीत प्रमाणाची) द्रावणंही नमुन्याच्याच पीएचची हवीत. १ ते २० मिलिग्रॅम प्रति लिटर एवढा पट्टा ठेवा आणि जास्त असेल ते पातळ करा. विघटन झालेलं औषधही याच भागात प्रकाश शोषतं, त्यामुळे एचपीएलसी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मिळाली तर निदान काही नमुने तिथे तपासून घ्या.

सूत्र सोपं आहे: सुरुवातीच्या प्रमाणातून शेवटचं वजा करा, लिटरमधल्या आकारमानाने गुणा, ग्रॅममधल्या मातीने भागा. समजा ५० मिलिग्रॅम प्रति लिटरचे १४ राहिले, द्रावण ०.०२५ लिटर, माती ०.०२५ ग्रॅम. उत्तर दर ग्रॅम मातीला ३६ मिलिग्रॅम. टक्केवारीत ७२. पण तुलना मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये करायची, कारण माती दुप्पट घातली की टक्के वाढतात, खनिज मात्र तेच असतं.

आता मिथिलीन ब्लूचा आकडा बाहेर काढा. मातीची क्षमता दर १०० ग्रॅमला ८० मिलिइक्विव्हॅलंट असेल, तर एका ग्रॅमवर ०.८ मिलिमोल धनभारित सिप्रोफ्लॉक्सासिन बसू शकतं, म्हणजे सुमारे २६५ मिलिग्रॅम. तुमचं उत्तर याच्या जवळ गेलं तर आयन अदलाबदल मुख्य असल्याचा तो एक पुरावा. फार वर गेलं तर साका झालाय का, ते आधी तपासा. एवढी क्षमता दिसायची तर पीएच ५ ला जास्त तीव्रतेची द्रावणंही लागतील.

दुसरा पुरावा फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीच्या प्रकाशावरून सोडियम मोजणारं यंत्र) मिळतो आणि तो मला सर्वांत आवडतो. सोडियम क्लोराइड न घालता, पीएच ५ ला नळ्यांचा एक संच लावा आणि पाण्यात सुटलेलं सोडियम मोजा. पीएच लावताना सोडियम हायड्रॉक्साइड नको, आणि फक्त मातीच्या नळीतलं सोडियम वजा करा. धरलेल्या औषधाचे आणि सुटलेल्या सोडियमचे मिलिमोल जुळले, तर अदलाबदल झाली हे उघड दिसतं. विद्यापीठात क्ष-किरण विवर्तन करून घेता आलं तर थरांमधलं अंतर बघा. हवेत वाळलेल्या सोडियम माँटमोरिलोनाइटमध्ये ते १.२५ नॅनोमीटरच्या आसपास असतं. औषधानंतर ते वाढलं, तर रेणू फटीत शिरले आहेत.

वेगवेगळ्या तीव्रतेच्या निदान सहा-सात नळ्यांतून समतापी वक्र (एकाच तापमानाला पाण्यात उरलेलं औषध विरुद्ध मातीने धरलेलं औषध) काढा आणि त्यावर लँगम्यूर व फ्रॉइंडलिश ही अधिशोषणाची नेहमीची दोन्ही समीकरणं बसवा. समीकरण उलटंपालटं करून सरळ रेषा काढण्याची जुनी पद्धत सोडा. त्यात चुका एका टोकाला फुगतात. स्प्रेडशीटच्या सॉल्व्हरने वक्रच थेट बसवा. आणि ‘स्यूडो सेकंड ऑर्डर’ हे वेगाचं समीकरण छान बसलं म्हणून ‘रासायनिक अधिशोषण झालं’ असं लिहू नका. ते समीकरण जवळपास सगळीकडेच बसतं. यंत्रणेचा पुरावा सोडियम आणि क्ष-किरणांकडून येतो.

खऱ्या पाण्यात उतरवणं

डिस्टिल्ड पाण्यातला निकाल हाती आला की तोच प्रयोग बोअरच्या पाण्यात आणि नाल्याच्या गाळलेल्या पाण्यात करा. दख्खनच्या बोअरला कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं. ते मातीतल्या जागांसाठी औषधाशी स्पर्धा करतात, आणि टेट्रासायक्लिनला पाण्यातच धरून बसतात. सांडपाण्यातलं सेंद्रिय द्रव्यही जागा अडवतं. आकडा उतरेल. उतरलेला आकडाच अहवालाच्या सारांशात पहिला लिहा, कारण ज्याला हे प्रत्यक्ष वापरायचं आहे त्याच्या कामाचा तोच.

शहरी सांडपाण्यात औषधं बहुधा लिटरला नॅनोग्रॅम ते मायक्रोग्रॅम असतात, आणि प्रयोगशाळेत आपण निदान हजारपट जास्त घेतो. पटनचेरूसारख्या कारखानी पाण्याला तुमची तीव्रता लागू आहे, मुळा-मुठेला नाही. हा फरक लिहून ठेवा.

सतत वाहणाऱ्या पाण्यासाठी स्तंभ भरायचा तर नुसतं बेंटोनाइट भरू नका. ते फुगतं आणि पाणी थांबतं. वाळूत थोडं मिसळा किंवा अर्धा ते एक मिलिमीटरचे धुतलेले जांभ्याचे दाणे वापरा. बाहेर येणाऱ्या पाण्यात औषध पहिल्यांदा दिसायला लागेपर्यंत किती पाणी गेलं, ते नोंदवा. आणि या स्तंभातलं पाणी कोणी प्यायचं नाही. औषध कमी झालं म्हणजे पाणी निर्जंतुक झालं असं नव्हे.

भरलेल्या मातीचं काय करायचं

माती औषध नष्ट करत नाही, फक्त धरते. म्हणून वापरलेली माती एकदा ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात २४ तास हलवा आणि किती औषध परत सुटतं ते मोजा. काळ्या मातीचा आणि जांभ्याचा खरा फरक इथे दिसण्याची शक्यता आहे, आणि कोणतं खनिज निवडावं याचा माझा कौल मी याच आकड्यावरून देईन.

ही माती कुंडीत, शेतात किंवा बेसिनमध्ये टाकू नका. तिथल्या जंतूंना ती औषधाचा साठा ठरते. उरलेली द्रावणं आणि माती लेबल लावून वेगळी साठवा आणि संस्थेमार्फत धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पाठवा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे अशी केंद्रं आहेत. प्रकल्प सुरू करण्याआधीच विभागप्रमुखांकडून याची लेखी व्यवस्था करून घ्या, कारण प्रकल्प संपल्यावर बरण्या कपाटात राहतात आणि पुढच्या वर्षी त्यांत काय आहे हे कोणालाच माहीत नसतं.